काबो डेलगाडोतलं बंड: किती तिथलं, किती आयसिसचं?

प्रश्न असा: मोझांबिकच्या उत्तर टोकाला काबो डेलगाडो प्रांतात २०१७ पासून जो दहशतवाद चालू आहे, तो आयसिसने तिथे नेला की तो तिथल्याच भांडणातून उभा राहिला? तिथल्या वायुप्रकल्पात भारतीय सरकारी कंपन्यांचा मोठा पैसा आहे, म्हणून धोका नेमका कुठून येतो हे समजून घ्यायचं आहे.

आधी थेट उत्तर देतो. लढणारी माणसं, त्यांची हत्यारं, रोजचा पैसा आणि भांडणाचं कारण या चारही गोष्टी बहुतांशी तिथल्याच आहेत. नाव, जगभर होणारी प्रसिद्धी, काही प्रशिक्षक, काही डावपेच आणि अधूनमधून येणारी रक्कम बाहेरची. पण ‘स्थानिक’ म्हणजे ‘गरिबी’ असा अर्थ लावलात तर गाडी पुन्हा चुकीच्या रुळावर जाईल. शेजारचा नियासा प्रांतही गरीब आहे, तिथेही मुसलमान बहुसंख्य आहेत, पण बंड तिथे उगवलं नाही. नंतर तिथे हल्ले झाले तेही काबो डेलगाडोतून आलेल्या टोळ्यांनी केले. तेव्हा कोणती कारणं एकाच ठिकाणी जमा झाली ते पाहावं लागतं.

सर्वांत आधी घटनांचा क्रम नीट लावा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. ५ ऑक्टोबर २०१७ ला पहाटे तीसेक तरुणांनी मोसिंबोआ दा प्राया या बंदराच्या गावातल्या पोलीस ठाण्यांवर हल्ला केला. लोकांनी हल्लेखोरांना ओळखलं, कारण ती गावातलीच मुलं होती. आयसिसने मोझांबिकमधल्या हल्ल्याची जबाबदारी पहिल्यांदा घेतली ती जून २०१९ मध्ये, म्हणजे वीस महिन्यांनी. तोपर्यंत गावं जाळली गेली होती, शिरच्छेद झाले होते, हजारो लोक घर सोडून पळाले होते. आधी ‘मध्य आफ्रिका प्रांत’ या नावाखाली काँगो आणि मोझांबिक एकत्र दाखवले जात. मोझांबिकला स्वतंत्र ‘प्रांत’ म्हणून मे २०२२ मध्ये वेगळं काढलं गेलं. तेव्हा हा गट आपल्या सर्वोच्च ताकदीवरून खाली आलेला होता. म्हणजे बंड आधी आणि बिल्ला नंतर. एखाद्या ग्रामपंचायतीत स्थानिक पॅनेल निवडून येतं आणि दुसऱ्या दिवशी मुंबईतला पक्ष ‘आमच्या इतक्या ग्रामपंचायती’ म्हणून आकडा जाहीर करतो, साधारण तसं. पॅनेललाही त्यातून फायदा असतोच, म्हणून ते नाकारत नाही.

तिथले लोक या गटाला ‘अल-शबाब’ म्हणतात. सोमालियातल्या त्याच नावाच्या संघटनेशी याचा संघटनात्मक संबंध नाही. बातम्यांमध्ये ही गल्लत अजून होते.

आता मुळाकडे. या गटाची सुरुवात हत्यारांनी झालेली नाही, मशिदीतल्या भांडणाने झाली. २००७ च्या सुमारास प्रांताच्या आतल्या भागात, बालामा जिल्ह्यात, टांझानियाहून परतलेल्या एका तरुण धर्मोपदेशकाने वेगळा पंथ काढला. नमाजाला बूट घालून उभं राहायचं, मुलांना सरकारी शाळेत पाठवायचं नाही, सरकारी दवाखान्यात आणि कोर्टात जायचं नाही, सरकारशी एकूणच संबंध ठेवायचा नाही, अशी शिकवण. पुढच्या सात-आठ वर्षांत असेच गट किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत दिसायला लागले. २०१५ मध्ये माकोमिया जिल्ह्यातल्या पांगाने गावात दारूविक्रीवरून मारामारीपर्यंत गेलं.

इथे एक गोष्ट बहुतेक विश्लेषणांतून निसटते. ‘सौदीत शिकून आलेल्या मौलवींनी कट्टरता आणली’ हे सोपं सूत्र इथे लागू पडत नाही. मोझांबिकची इस्लामिक कौन्सिल १९८१ मध्ये स्थापन झाली. तिच्यात सौदीसारख्या ठिकाणी शिकलेले, सुधारणावादी म्हणवणारे उलेमा होते आणि सत्ताधारी फ्रेलिमो पक्षाशी त्यांचं जमत असे. किनाऱ्यावर जुने सुफी तरिके, म्हणजे गुरुपरंपरेचे पंथ, होते, त्यांची स्वतंत्र प्रतिष्ठा होती. नवा पंथ या दोघांच्याही विरोधात उभा राहिला. त्याच्याविरुद्ध सरकारकडे तक्रारी घेऊन गेले ते हेच मुसलमान पुढारी, आणि तेही पहिला हल्ला होण्याच्या काही वर्षं आधी. सरकारने एकतर दुर्लक्ष केलं किंवा पोलीस पाठवून चार जणांना पकडलं. पुढे २०१७ च्या हल्ल्यानंतर शेकड्यांनी अटका झाल्या, मशिदी बंद केल्या गेल्या, काही पाडल्या गेल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रांताच्या राजधानीत, पेंबाला, १८९ जणांवर खटला उभा राहिला. त्यात बहुतेक मोझांबिकचे होते, थोडे टांझानियाचे. त्यातले बरेच पुराव्याअभावी सुटले. सुटलेला तरुण गावी परततो तेव्हा पोलिसांबद्दल त्याच्या घरच्यांचं मत काय झालेलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा धागा जमातींचा, आणि तो समजल्याशिवाय बाकी काहीच समजत नाही. किनाऱ्यावर म्वानी लोक: मुसलमान, मासेमारी आणि होडीचा व्यापार करणारे, भाषा स्वाहिलीच्या जवळची. आत मुएदाच्या पठारावर माकोंडे: बहुतेक कॅथलिक. संख्येने सगळ्यांत मोठे माकुआ, प्रांताच्या दक्षिणेला आणि मध्यात. पोर्तुगीजांविरुद्धचं सशस्त्र युद्ध २५ सप्टेंबर १९६४ ला याच प्रांतातल्या शाई गावी सुरू झालं आणि त्याचा मुख्य भार माकोंड्यांनी उचलला. १९७५ ला स्वातंत्र्य मिळालं. त्यानंतर स्वातंत्र्यसैनिकांचं निवृत्तिवेतन, लष्करातली पदं, पक्षातलं वजन, जमिनीचे आणि खाणीचे परवाने यांत मुएदाच्या पठाराचा वाटा मोठा राहिला. २०१५ ते २०२५ राष्ट्राध्यक्ष असलेले फिलिपे न्यूसी हे स्वतः मुएदाचे. किनाऱ्यावरच्या म्वानी तरुणाला हे सगळं रोज दिसतं: त्याच्या गावातला अधिकारी पठारावरचा, बंदरातला ठेकेदार पठारावरच्या जनरलच्या ओळखीचा.

राजधानी मापुतो रस्त्याने सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर. टांझानियाची हद्द, म्हणजे रोवुमा नदी, मोसिंबोआपासून शंभर किलोमीटरच्या आत. त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाचे सोयरे, व्यापारी आणि मौलवी मापुतोपेक्षा टांझानियाच्या म्त्वारात आणि झांझिबारला जास्त. हे नातं शतकांचं आहे. (गोव्याच्या वाचकांसाठी जाता जाता: १७५२ पर्यंत हा सगळा किनारा गोव्याच्या पोर्तुगीज राज्यपालाच्या अखत्यारीत होता आणि इबो बेटावर भारतीय व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या.)

तिसरा धागा माणकांचा. मोंतेपुएझ जिल्ह्यात २००९ मध्ये माणकांचा जगातला सगळ्यांत मोठ्यांपैकी एक साठा सापडला. मोझांबिकभरातून, टांझानियातून आणि त्याहूनही दुरून हजारो तरुण फावडी घेऊन तिथे उतरले. २०११ मध्ये खाणकंपनी स्थापन झाली. ७५ टक्के लंडनच्या जेमफील्ड्सचे, २५ टक्के एका मोझांबिकी कंपनीचे, ज्यात फ्रेलिमोच्या एका ज्येष्ठ जनरलचा सहभाग. परवान्याचं क्षेत्र सुमारे ३३ हजार हेक्टर. त्यानंतर हातखोदाई करणाऱ्यांना हाकलणं सुरू झालं. मारहाण, गोळीबार, घरं जाळणं यांचे आरोप लंडनच्या कोर्टापर्यंत गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये जेमफील्ड्सने जबाबदारी मान्य न करता ५८ लाख पौंडांची तडजोड केली. सर्वांत मोठी हकालपट्टी फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. पहिला हल्ला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. या दोन तारखांवरून ‘हाकललेले खाणकामगारच बंडखोर झाले’ असं सरळ समीकरण मांडणारे आहेत, पण ते ताणलेलं आहे, कारण पंथ त्याच्या दहा वर्षं आधीचा. खरा परिणाम असा झाला की हातात थोडे पैसे खेळलेले, पोलिसांचा मार खाल्लेले, कुठलाच मार्ग न उरलेले तरुण एकाच वेळी मोठ्या संख्येने मोकळे झाले. पंथाने त्यांना व्यापारासाठी लहान कर्जं दिली, लग्नं लावून दिली, सोबत दिली. भरती अशीच होते. धर्माचं पुस्तक नंतर येतं.

वायूची गोष्टही याच मापाने तोला. २०१० मध्ये रोवुमा खोऱ्यात समुद्राखाली वायू सापडला. किनाऱ्यावरचा प्रकल्प पाल्मा जिल्ह्यातल्या अफुंगी द्वीपकल्पावर ठरला. गुंतवणूक २० अब्ज डॉलर, क्षमता वर्षाला सुमारे १ कोटी ३१ लाख टन. मोझांबिकमध्ये सगळी जमीन सरकारची, पण १९९७ च्या कायद्याने परंपरेने किंवा दहा वर्षं प्रामाणिकपणे वहिवाट असणाऱ्याला वापराचा हक्क मिळतो. तो लेखी नसला तरी वैध असतो. कागदावर चांगला कायदा. अडचण भरपाई मोजताना येते. घर, झाडं आणि उभं पीक मोजलं जातं. खाजणातली शिंपली वेचण्याची जागा, होडी ओढून ठेवायचा किनारा, दुसऱ्या गावातल्या भावाच्या शेतातला अर्धा वाटा कसा मोजणार? अफुंगीतल्या कुटुंबांना कितुंडा या नव्या गावात पक्की घरं मिळाली, पण कोळ्यांचा समुद्र दूर गेला आणि शेतीची बदली जमीन रखडली. त्यात सरकारची तिजोरी रिकामी. २०१३-१४ मध्ये संसदेला न विचारता घेतलेली सुमारे २ अब्ज डॉलरची छुपी कर्जं २०१६ मध्ये उघड झाली आणि नाणेनिधीसह देणगीदारांनी हात आखडता घेतला. त्यातलं एक कर्ज तर वायूच्या किनाऱ्याच्या संरक्षणाच्या नावाने काढलेलं होतं! पहिला हल्ला झाला तेव्हा पोलिसांकडे ना गस्तीच्या बोटी होत्या, ना धड पगार.

आता बाहेरचे धागे. इथे दोन जाळ्यांत फरक करावा लागतो, आणि तो केला नाही की सगळं ‘जागतिक’ वाटायला लागतं.

पहिलं जाळं स्वाहिली किनाऱ्याचं आहे आणि ते आयसिसपेक्षा जुनं आहे. मोंबासातला जहाल धर्मोपदेशक अबूद रोगो याला ऑगस्ट २०१२ मध्ये गोळ्या घालून मारलं गेलं. त्याच्या प्रवचनांच्या ध्वनिफिती केनिया आणि टांझानियातून खाली मोसिंबोआपर्यंत ऐकल्या जात. टांझानियात किबिती भागात पोलीस आणि स्थानिक अधिकाऱ्यांचे खून झाले. २०१७ मध्ये टांझानिया सरकारने तिथे कठोर मोहीम उघडली आणि तिथून निसटलेली काही माणसं रोवुमा ओलांडून खाली आली. ही माणसं खरी, हे नातं खरं. गटाचा नेता म्हणून अमेरिकेने मार्च २०२१ मध्ये ज्याचं नाव यादीत टाकलं तो अबू यासिर हसन टांझानियाचाच. पण मैदानातला सेनापती बोनोमादे माशुदे ओमर मात्र काबो डेलगाडोतला, मोसिंबोआत वाढलेला म्वानी तरुण होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तो मारला गेला.

दुसरं जाळं आयसिसचं. त्यात मोझांबिकचा दुवा दोन ठिकाणांतून जातो. एक पूर्व काँगोतला गट, ज्याच्याकडे काही लढवय्ये प्रशिक्षणासाठी गेले-आले. दुसरं सोमालियाच्या पुंटलँडमधलं आयसिसचं ‘अल-करार’ कार्यालय, जे पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गटांना पैसा आणि सूचना पोचवतं असं संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षण अहवालांत आहे. त्याच्याशी जोडलेला बिलाल अल-सुदानी जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी कारवाईत मारला गेला. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेतल्या चार जणांवर आयसिसला पैसा पुरवल्याबद्दल निर्बंध घातले. म्हणजे नळी आहे. तिच्यातून वाहतं किती, हा प्रश्न आहे.

ते मोजायचं तर गटाचा खर्च कशावर चालतो ते बघा. हत्यारं: बहुतेक मोझांबिकच्या लष्कराच्या चौक्या लुटून मिळवलेली. त्यांच्या स्वतःच्या व्हिडिओंत दिसणाऱ्या दारूगोळ्याच्या पेट्या सरकारी असतात. अन्न: गावांची कोठारं, होड्या, दुकानं. रोकड: मोसिंबोआ आणि पाल्मातल्या बँका, अपहरणाची खंडणी, मोबाइल-पैशाने येणाऱ्या लहान रकमा, आणि अलीकडे प्रांताच्या मुख्य रस्त्यावर वाहनं अडवून वसुली. किनाऱ्यावरून अफगाण हेरॉइनची वाहतूक वर्षानुवर्षं होते, पण तिचे मालक वेगळे. बंडाचा खर्च त्यावर चालतो असा ठोस पुरावा पुढे आलेला नाही, तरी ‘अमली पदार्थ आणि दहशतवाद’ ही जोडी भाषणांत हमखास येते. बाहेरून येणारा पैसा बंद केला तर हा गट अडचणीत येईल, उपाशी मरणार नाही. लष्करी चौक्या लुटता येणं बंद झालं तर मात्र वर्षभरात तो कोरडा पडेल.

आयसिसचे दावे कसे वाचायचे, यावर जरा थांबतो, कारण चुका सर्वांत जास्त इथे होतात. पाल्माचंच उदाहरण घ्या. २४ मार्च २०२१ ला हल्ला सुरू झाला. शेकडो जवान अफुंगीच्या कुंपणाआत प्रकल्प राखत होते; गावात तुटपुंजं बळ होतं. हॉटेलात अडकलेल्यांना काढायला खासगी कंपनीची हेलिकॉप्टरं फिरत होती. आयसिसचा दावा आला २९ मार्चला, पाच दिवसांनी, तोपर्यंत जगभरच्या वाहिन्यांवर सगळं दाखवून झालं होतं. सोबतच्या चित्रफितीत जमलेले लढवय्ये पाल्मातले म्हणून दाखवले होते. इमारती जुळवून पाहणाऱ्यांनी काढलं की जागा मोसिंबोआ दा प्राया होती, जी ऑगस्ट २०२० पासून त्यांच्याच ताब्यात होती. हल्ल्याचा हुकूम केंद्रातून आला असता तर केंद्राकडे ताजी चित्रफीत नसती का?

म्हणून दावा समोर आला की मी सुचवीन तो क्रम असा. घटनेनंतर किती तासांनी आला ते पाहा: चोवीस तासांच्या आतला, गावाचं अचूक नाव असलेला दावा म्हणजे मैदानातला माणूस थेट प्रचारयंत्रणेशी बोलतोय. चार-पाच दिवसांनी आलेला, जिल्ह्याचंच नाव असलेला दावा बहुधा बातम्या वाचून लिहिलेला. मग मृतांचा आकडा बाजूला ठेवा आणि स्थलांतराचा आकडा शोधा. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना काही दिवसांत कुठल्या गावातून किती कुटुंबं पळाली याची नोंद काढते. पळालेली माणसं मोजता येतात आणि ती खोटं बोलायला कुठल्याच बाजूची नसतात. सरकारी निवेदन शेवटी वाचा. स्थानिक पत्रकारांना अटका झाल्या आहेत, एकाचा २०२० पासून पत्ता नाही, त्यामुळे प्रांतातली छापील बातमी विरळ असते. त्या शांततेला ‘परिस्थिती निवळली’ समजू नये.

उलट बाजूची चूकही होते. ‘सगळा दिखावा आहे, आयसिसचा काही संबंध नाही’ असं म्हणणारे काही ठळक बदल टाळतात. सप्टेंबर २०२१ नंतर रस्त्यावर पेरलेले स्फोटक सापळे दिसायला लागले, जे आधी जवळजवळ नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये आयसिसच्या प्रवक्त्याने जगभरच्या गटांना हल्ले वाढवण्याचं आवाहन केलं आणि त्याच महिन्यात काबो डेलगाडोत हल्ले, विशेषतः चर्चवरचे, आणि त्यांचे दावे एकदम वाढले. म्हणजे वेळापत्रकावर आणि लक्ष्याच्या निवडीवर बाहेरचा प्रभाव पडतो. पण त्याच जानेवारीत माकोमियाच्या किनाऱ्यावर मुकोजोमध्ये हेच लोक दुकानदाराला पैसे देऊन माल घेत होते आणि मशिदीत बसून गावकऱ्यांना ‘तुमचं भांडण सरकारशी, आमचंही’ अशा अर्थाचं सांगत होते. एकाच महिन्यात दोन्ही. केंद्राचा आदेश आणि कोळ्यांशी सोयरीक त्यांना एकत्र चालवता येते, कारण पहिल्याने नाव मिळतं आणि दुसऱ्याने जेवण.

निदान चुकलं की उपचार कसा चुकतो, त्याचं इथे पूर्ण उदाहरण आहे. सरकारने सुरुवातीला ‘गुन्हेगार’ म्हटलं, मग ‘चेहरा नसलेला शत्रू’, मग ‘परकीय आक्रमण’. परकीय म्हटलं की माणकं, जमीन, निवृत्तिवेतन, पोलीस यांतल्या कशाचाच हिशेब द्यावा लागत नाही. भाडोत्री सैन्य बोलावणंही सोपं जातं. सप्टेंबर २०१९ मध्ये रशियाचा वॅग्नर गट आला, जंगलात घातपातात माणसं गमावून काही महिन्यांत परतला. त्यांना ना भाषा येत होती ना वाट, आणि मोझांबिकी लष्कराशी समन्वय नव्हता. नंतर दक्षिण आफ्रिकी कंपनीची हेलिकॉप्टरं आली. त्यांनी लोकांना वाचवलंही, पण गर्दीवर गोळीबार केल्याचे आरोपही झाले.

रवांडाचे सुमारे हजार जवान जुलै २०२१ मध्ये उतरले आणि ८ ऑगस्टला मोसिंबोआ परत मिळाली. वर्षभर जे मोझांबिकला जमलं नव्हतं ते महिन्यात झालं. कारणं अगदी साधी आहेत: पगार वेळेवर, पायी गस्त, गावात मुक्काम, आणि कित्येकांना येणारी स्वाहिली. लोक त्यांच्याशी बोलत, कारण ते लुटत नसत. दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांच्या विकास समुदायाची (एसएडीसी) फौजही जुलै २०२१ मध्येच आली आणि जुलै २०२४ पर्यंत गेली. तिच्याकडे हेलिकॉप्टरं कमी, पैसा कमी, आणि आठ देशांचे आठ हुकूम.

पण रवांडाच्या यशाला एक मर्यादा आहे. त्यांनी पाल्मा आणि मोसिंबोआ, म्हणजे वायूचा पट्टा, घट्ट धरला. दाबलेलं पाणी बाजूने निघावं तसे लढवय्ये माकोमियाच्या जंगलात आणि तिथून दक्षिणेला सरकले. जून २०२२ मध्ये आंकुआबे आणि शियुरे, सप्टेंबरात नांपुला प्रांत, जिथे एका वृद्ध इटालियन ननची हत्या झाली. ऑक्टोबरात मोंतेपुएझच्या खाणपट्ट्याजवळ. मे २०२४ मध्ये त्यांनी माकोमिया हे तालुक्याचं गाव दिवसाढवळ्या ताब्यात घेतलं. लढवय्यांची संख्या भरात असताना अडीच-तीन हजार अंदाजली जात होती. आता काही शेकडा. तरी २०२२ च्या अखेरीस बेघरांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला होता आणि त्यानंतर परतलेले लोक पुन्हा पुन्हा पळाले आहेत. तीनशे माणसं एवढं करू शकतात, कारण त्यांना खबर, वाट आणि भाकरी देणारे गावात आहेत, काही भीतीने, काही नात्याने.

स्थानिक स्वयंसेवी दलांबद्दल सावध राहा. माकोंडे माजी सैनिकांनी जुन्या बंदुका घेऊन गावं राखली, त्यांनी खरंच पुष्कळ जीव वाचवले, आणि २०२२-२३ मध्ये त्यांना कायद्याची मान्यताही मिळाली. पण हत्यारबंद माकोंडे नाक्यावर उभा राहतो आणि म्वानी कोळ्याचं ओळखपत्र तपासतो, तेव्हा मूळ दुखणंच गणवेश घालून समोर येतं. बेघर म्वानी कुटुंबांवर ‘बंडखोरांचे नातेवाईक’ म्हणून संशय घेतला जातो. कागदपत्रं पळताना जळालेली, त्यामुळे रेशनच्या यादीत नाव नाही आणि नाक्यावरून पुढे जाता येत नाही. काबो डेलगाडोत काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेने पहिल्या महिन्यात करायचं काम म्हणजे ओळखपत्रांची शिबिरं. विहीर आणि शाळा त्यानंतर. ओळखपत्राशिवाय माणूस विहिरीपर्यंत पोचतच नाही.

आता भारतीय पैशाचं. अफुंगीच्या ‘एरिया १’ या वायूक्षेत्रात फ्रान्सच्या टोटालएनर्जीजकडे २६.५ टक्के आहेत, पण तीन भारतीय सरकारी कंपन्यांचे मिळून ३० टक्के होतात: ओएनजीसी विदेश १६, भारत पेट्रोलियमची उपकंपनी १०, ऑइल इंडिया ४. यातले १० टक्के पूर्वी आपल्या मराठवाड्यातल्या व्हिडिओकॉनकडे होते, ते २०१४ मध्ये सुमारे २४७ कोटी डॉलरला ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाने घेतले. शिवाय भारत पेट्रोलियमचा १५ वर्षं दरवर्षी १० लाख टन वायू घेण्याचा करार आहे. पाल्माच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये टोटालने अपरिहार्य आपत्तीचं कलम लावून काम थांबवलं, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये उठवलं. थांबण्याचा जादा खर्च कंपनीने ४.५ अब्ज डॉलर सांगितला आहे आणि पहिला वायू २०२९ मध्ये अपेक्षित आहे.

काम पुन्हा सुरू झालं म्हणजे धोका टळला असं मात्र नाही. प्रकल्प आता बंदिस्त तळासारखा चालवला जातोय: माणसं हवाई मार्गाने, माल समुद्रमार्गे, भोवती रवांडाचं सैन्य. यातून कुंपणाच्या आतला धोका कमी होतो. बाहेर काय होतं? पाल्मातल्या भाजीवाल्याचा, गवंड्याचा, वाहनचालकाचा प्रकल्पाशी संबंध तुटतो. २०१७ च्या आधी किनाऱ्यावरच्या तरुणाची जी तक्रार होती, ती यात कमी होत नाही, आणि बंदिस्त तळाचा बंदोबस्त आयसिसकडे पाहून आखलेला असतो, त्या तरुणाकडे पाहून नव्हे. २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार वायूच्या महसुलातले पहिली पंधरा वर्षं ४० टक्के सार्वभौम निधीत, म्हणजे देशाच्या राखीव बचतीत, आणि ६० टक्के अर्थसंकल्पात जातात. त्यातलं काबो डेलगाडोला किती पोचतं यावर बरंच ठरेल.

तुम्ही भागधारक असाल तर भारत पेट्रोलियमच्या वार्षिक सभेत विचारता येण्यासारखे तीन नेमके प्रश्न आहेत: पाल्मा आणि मोसिंबोआ जिल्ह्यांतल्या किती रहिवाशांना सध्या प्रकल्पावर काम आहे, कितुंडातल्या किती कुटुंबांची शेतीची बदली जमीन अजून बाकी आहे, आणि सुरक्षादलांविरुद्धच्या तक्रारी कोण नोंदवून घेतं. तिन्हींची उत्तरं आकड्यांत देता येतात.